कॉन्स्टेबलचे आभाळ

निसर्गचित्रातले आकाश म्हणजे झाडे, घरे आणि नदी यांच्या पाठीमागे सोडलेली एक पांढरी चादर आहे असे समजावे, असा सल्ला जॉन कॉन्स्टेबल या इंग्रज चित्रकाराला वारंवार मिळत असे. २३ ऑक्टोबर १८२१ रोजी आपला जिवलग मित्र, पाद्री जॉन फिशर याला लिहिलेल्या पत्रात त्याने या सल्ल्याचा उल्लेख केला आहे आणि तो तितक्याच ठामपणे नाकारला आहे. आकाश चित्रात नको तितके पुढे आले तर ते वाईट, हे त्याला मान्य होते आणि आपल्या चित्रांत तसे होते हेही त्याने कबूल केले. पण आकाश टाळणे त्याहून वाईट, आणि ते आपण कधी टाळलेले नाही, असे त्याने लिहिले. निसर्गात प्रकाश येतो तो आकाशातूनच आणि तोच बाकी सगळ्यावर अंमल चालवतो, म्हणून चित्राचा मूळ सूर, त्यातल्या आकारमानाचे माप आणि भावनेचे मुख्य स्थान हे सारे आकाशातच असते, हा त्या पत्राचा गाभा आहे. स्वच्छंदतावादी (रोमँटिक) निसर्गचित्रकलेबद्दल मी जे काही वाचले आहे त्यात या पत्राइतके नेमके आणि चित्रकाराच्या हाताला थेट उपयोगी पडेल असे विधान मला क्वचितच सापडले.

महाराष्ट्रात ज्यांनी शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांची तयारी केली आहे, त्यांना ती पांढरी चादर चांगली ओळखीची असेल. स्मरणचित्राच्या पेपरला वेळ कमी असतो, म्हणून आधी आकाश मारून घ्यायचे, निळा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, वरून खाली फिका करत आणायचा, तो वाळला की डोंगर, मग झाडे, मग माणसे. माथ्यावरचा निळा गडद आणि क्षितिजाजवळचा फिका, हे निरीक्षण मुळीच खोटे नाही. निसर्गात तसेच असते. पण त्या आकाशाचा खालच्या माणसांच्या सावल्यांशी काही संबंध उरत नाही. आभाळात ढग कुठे आहे आणि त्यामुळे शेतातला कोणता तुकडा उजळलेला आहे, हा प्रश्नच त्या पद्धतीत उपस्थित होत नाही, आणि कॉन्स्टेबलने आपल्या आयुष्यातले दोन उन्हाळे जवळजवळ संपूर्णपणे याच प्रश्नासाठी खर्ची घातले.

त्याला हा प्रश्न पडला यामागे त्याचे बालपण आहे. तो १७७६ साली सफोक परगण्यातल्या ईस्ट बर्गहोल्ट या गावी जन्मला. वडील गोल्डिंग कॉन्स्टेबल धान्याचे व्यापारी होते. फ्लॅटफर्ड आणि डेडम येथे त्यांच्या पाणचक्क्या होत्या आणि गावच्या माळावर एक पवनचक्की होती. चित्रकार व्हायला लंडनला जाण्यापूर्वी कॉन्स्टेबलने त्या पवनचक्कीवर सुमारे वर्षभर काम केले, आणि तिच्या लाकडावर त्याने आपले नाव आणि १७९२ हे साल कोरून ठेवले होते. पवनचक्की चालवणाऱ्याचे पोट वाऱ्यावर असते. वारा पडला तर दळण थांबते आणि अचानक वावटळ आली तर पात्यांवरची शिडे वेळेत न उतरवल्यास नुकसान होते, त्यामुळे आभाळाकडे पाहणे हा तिथे कामाचाच भाग होता.

या शिकवणीचा पुरावा त्याने स्वतः पुढे लिहून ठेवला आहे. उतारवयात, १८३० ते १८३२ या काळात, त्याने डेव्हिड ल्यूकस या खोदकामकाराकडून आपल्या निवडक चित्रांचे मेझोटिंट पद्धतीने, म्हणजे धातूच्या पत्र्यावर उजेड-अंधाराच्या छटा कोरून, ठसे करून घेतले, आणि त्यातल्या ईस्ट बर्गहोल्टच्या पवनचक्कीच्या चित्राला जोडलेल्या टिपणात वसंत ऋतूतल्या आभाळाचे सविस्तर वर्णन केले. मोठे, दाट ढग फार उंचावर असल्यामुळे सावकाश सरकताना दिसतात. त्यांच्या पुढून छोट्या, मळकट ढगांचे पुंजके भराभर जातात, कारण ते जमिनीच्या जास्त जवळ असतात, हलके असतात आणि त्यांना खालच्या थरातला जोराचा वारा मिळतो. पवनचक्कीवाले आणि खलाशी या छोट्या ढगांना निरोपे म्हणतात आणि ते दिसले की हवा बिघडणार असे धरून चालतात, असे तो सांगतो. त्यापुढचे वाक्य मला सर्वांत मोलाचे वाटते. हे निरोपे मोठ्या ढगांच्या मधल्या गल्ल्यांतून तरंगत असल्यामुळे ते जवळजवळ नेहमीच सावलीत असतात आणि त्यांना मिळतो तो केवळ वरच्या निळ्या आकाशाचा परावर्तित प्रकाश. म्हणजे पांढऱ्या ढगासमोरचा हा पुंजका करडा का दिसतो आणि त्या करड्यात निळसर छटा कुठून येते, याचे उत्तर त्याने जागेसकट आणि कारणासकट दिले आहे. पवनचक्कीवरच्या पोराचे ज्ञान आणि रंग कालवणाऱ्या माणसाचे ज्ञान येथे एकाच वाक्यात आलेले आहे. त्याचा भाऊ अब्राम म्हणत असे की जॉनने रंगवलेली चक्की पाहिली की ती फिरेल अशी खात्री वाटते, आणि तीच खात्री त्याच्या ढगांबद्दलही देता येते.

१८१६ मध्ये कॉन्स्टेबलचे मारिया बिकनेलशी लग्न झाले. तिची प्रकृती नाजूक होती, पुढे तो क्षय असल्याचे स्पष्ट झाले, आणि लंडनच्या धुरापासून तिला दूर ठेवण्यासाठी १८१९ पासून हे कुटुंब उन्हाळ्यात हॅम्पस्टेडला राहू लागले. हॅम्पस्टेड शहराच्या उत्तरेला उंचावर आहे. तेथील मोकळ्या माळावरून सर्व दिशांचे आभाळ दिसते, आणि येथेच १८२१ आणि १८२२ मध्ये त्याने ढगांचा तो प्रसिद्ध अभ्यास केला. १८२१ च्या अभ्यासांत, म्हणजे सरावासाठी थेट निसर्गासमोर केलेल्या चित्रांत, खालच्या कडेला बहुधा झाडांचे शेंडे किंवा एखादे छप्पर दिसते. १८२२ मध्ये जमीन पुष्कळदा पूर्णपणे वगळली जाते आणि कागदभर नुसते ढग उरतात. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये त्याने फिशरला कळवले की आपण आकाशाचे सुमारे ५० अभ्यास केले आहेत आणि तेही बऱ्यापैकी मोठ्या आकाराचे. त्याच्या हयातीत ही चित्रे प्रदर्शनात मांडली गेली नाहीत. ती स्टुडिओतल्या कामासाठी होती.

या अभ्यासांची पद्धत साधी होती, पण ती आचरणात आणणे अवघड होते. कागदाला आधीच रंगाचा एक थर दिलेला असे. रंगपेटी मांडीवर घ्यायची, कागद पेटीच्या झाकणात अडकवायचा आणि तेलरंगात ओल्यावरच ओला रंग चढवत तासाभरात काम संपवायचे. ज्याने उघड्यावर बसून कधी ढग रंगवायचा प्रयत्न केला आहे त्याला ठाऊक असते की पांढऱ्या ढगाची कड आखून पॅलेटकडे वळून पुन्हा वर पाहावे तोवर ती कड जागेवर नसते. अशा वेळी दिसते ते उतरवून घेण्याचा उपाय चालत नाही. ढग कसा फुगतो, त्याचा तळ सपाट का राहतो, वारा त्याला कुठल्या बाजूने विंचरतो, हे आधीच माहीत असेल तरच हात नजरेच्या बरोबरीने चालू शकतो, आणि नजर नुसती आकार शोधत असेल तर ती हरते.

या कागदांच्या मागच्या बाजूंवर कॉन्स्टेबलने लिहिलेल्या नोंदी मला चित्रांइतक्याच महत्त्वाच्या वाटतात. तारीख, वेळ, कुठल्या दिशेला तोंड होते, वारा कुठून आणि किती जोराचा होता, पाऊस होऊन गेला होता की येणार होता, असा तो तपशील असे. ५ सप्टेंबर १८२२ ची एक नोंद अशी आहे की सकाळचे १० वाजले आहेत, तोंड आग्नेयेकडे आहे, पश्चिमेचा जोराचा वारा आहे, आकाशाच्या साधारण मध्यापर्यंत पसरलेल्या पिवळसर थरावरून उजळ, ताजे, करडे ढग वेगाने धावत आहेत. येथपर्यंत ही एखाद्या वेधशाळेतली नोंद शोभेल. पण तिच्या शेवटी त्याने लिहिले आहे की हे आकाश ऑस्मिंग्टनच्या किनाऱ्याला फार योग्य आहे. ऑस्मिंग्टन हे डॉर्सेटमधले समुद्राकाठचे गाव. फिशर तेथे पाद्री होता, त्यानेच कॉन्स्टेबल आणि मारियाचे लग्न लावले होते आणि लग्नानंतर ती दोघे त्याच्या घरी जाऊन राहिली होती. हॅम्पस्टेडच्या माळावर बसून वाऱ्याची दिशा टिपणाऱ्या माणसाच्या मनात त्याच क्षणी सहा वर्षांपूर्वीचा तो किनारा होता. ही नोंद वाचल्यावर त्याचे निरीक्षण शास्त्रीय होते की भावनिक, हा वाद मला निरर्थक वाटू लागला, कारण त्याच्या हातून ती दोन्ही एकाच पेन्सिलीने आणि एकाच दमात लिहिली गेली आहेत.

ढगांना नावे मिळून तेव्हा फार काळ लोटला नव्हता. ल्यूक हॉवर्ड या लंडनमधल्या औषधनिर्मात्याने डिसेंबर १८०२ मध्ये एका छोट्या विज्ञानमंडळापुढे निबंध वाचला आणि ढगांचे सिरस, क्युम्युलस, स्ट्रेटस असे मूळ प्रकार, त्यांच्यामधले मिश्र प्रकार आणि पाऊस देणारा निंबस अशी मांडणी केली. भूगोलाच्या पुस्तकातून आपण जी नावे पाठ केली ती ही. त्याआधी ढग म्हणजे क्षणोक्षणी बदलणारी, म्हणून वर्गीकरणाच्या बाहेरची वस्तू मानली जात असे. हॉवर्डने दाखवले की बदल कितीही झाले तरी रूपे मोजकी असतात आणि त्यांच्यामागे हवेतल्या बाष्पाचे आणि उष्णतेचे नियम असतात. वर चढणारी दमट हवा ठरावीक उंचीवर पोचली की बाष्पाचे थेंब होऊ लागतात, म्हणून एका प्रदेशातल्या क्युम्युलस ढगांचे तळ साधारण एका पातळीवर राहतात. पावसाळा ओसरल्यावर भाद्रपद-आश्विनात आपल्या पठारावर दुपारी जे कापसासारखे सुटे ढग येतात, त्यांचे तळ पाहिले तर ही गोष्ट सहज पटते. चित्रकाराच्या दृष्टीने याचा अर्थ असा की आकाशालाही जमिनीसारखे यथार्थदर्शन (पर्स्पेक्टिव्ह) असते. ते सपाट तळ क्षितिजाकडे जाताना एकमेकांच्या जवळ येतात, अरुंद होतात, आणि पाहणाऱ्याला आपल्या डोक्यावर एक छत दूरवर पसरत गेल्याचे जाणवते. कॉन्स्टेबलच्या मोठ्या चित्रांतली खोली पुष्कळ अंशी या छतामुळे येते.

हॉवर्डची मांडणी त्याच्यापर्यंत पोचली ती टॉमस फॉर्स्टर याच्या हवामानविषयक ग्रंथातून. त्याची १८१५ ची दुसरी आवृत्ती कॉन्स्टेबलच्या संग्रही होती आणि तिच्यात त्याच्या हातच्या टिपा आहेत. एका अभ्यासाच्या मागे त्याने सिरस हा शब्दही लिहिलेला आहे. तरीही त्याने सगळे पुस्तकातून घेतले असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्याने जुन्या डच चित्रकारांची, विशेषतः राउस्डालची आकाशे बारकाईने पाहिली होती, अलेक्झांडर कोझेन्सने नवशिक्यांसाठी केलेल्या आकाशांच्या आराखड्यांची त्याने हाताने नक्कल केली होती, आणि चक्कीवरचे शिक्षण तर हॉवर्डच्या निबंधाच्याही आधीचे होते.

याच सुमारास जर्मनीत जे घडले ते शेजारी ठेवले म्हणजे कॉन्स्टेबलचे वेगळेपण जास्त स्पष्ट होते. जर्मन कवी गटे हॉवर्डच्या वर्गीकरणाने इतका भारावला होता की त्याने हॉवर्डच्या सन्मानार्थ कविता लिहिली. १८१६ मध्ये त्याने ड्रेस्डेनच्या कास्पार डाव्हीड फ्रीडरिश या चित्रकाराला निरोप पाठवला की या पद्धतीनुसार ढगांचे अभ्यास करून द्यावेत. फ्रीडरिशने नकार दिला. मोकळ्या, मुक्त ढगांना असे कप्प्यांत बसवले तर निसर्गचित्रकलेचा पायाच ढासळेल, अशी त्याची भीती होती. ज्याने समुद्राकाठच्या भिक्षूच्या चित्रात बहुतेक सगळा कॅनव्हास आकाशालाच देऊन टाकला आणि तळाशी एक इवलीशी मानवाकृती उभी केली, त्याने असा नकार द्यावा हे समजण्यासारखे आहे. त्याला आकाश हवे होते ते त्याच्या अथांगपणासाठी, आणि अथांगाला नावे देणे त्याला अपवित्र वाटले असावे. त्याच फ्रीडरिशने १८२४ च्या शरद ऋतूत संध्याकाळच्या आकाशाचे छोटे तैलाभ्यास केले, आणि त्याआधीच्या वर्षापासून नॉर्वेचा योहान क्रिस्टियान डाल, जो ढग रंगवण्यात वाकबगार होता, त्याच घरात राहायला आलेला होता, हेही ध्यानात घेतले पाहिजे. फ्रीडरिशविषयी मला अतिशय आदर आहे. तरीही त्याची भीती खरी ठरली नाही असे माझे मत आहे. कॉन्स्टेबलने नाव, तास, वारा सगळे लिहून ठेवले आणि त्यामुळे त्याच्या ढगाचे मोकळेपण कणभरही उणावले नाही.

इंग्रज चित्रकार टर्नरचा मार्ग तिसराच. १८१६ ते १८१८ च्या सुमारास त्याने एक अख्खी वही जलरंगातल्या आकाशांनी भरली. एप्रिल १८१५ मध्ये तांबोरा ज्वालामुखीचा उद्रेक होऊन त्याचे सूक्ष्म कण जगभर पसरले होते आणि त्या काळातले सूर्यास्त असामान्य लाल होते, हे लक्षात ठेवून ती वही पाहावी. टर्नरसाठी आकाश म्हणजे मुख्यतः प्रकाश आणि रंग. ढगाची बांधणी त्यात विरघळून जाते. त्याच्याबद्दल इतके लिहिले गेले आहे की येथे अधिक भर घालत नाही.

कॉन्स्टेबलच्या आकाशाला विरोधही झाला. फिशरचे काका सॉल्सबरीचे बिशप होते आणि त्यांचेही नाव जॉन फिशरच होते. त्यांनी आपल्या बागेतून दिसणाऱ्या कथीड्रलचे, म्हणजे बिशपांच्या मुख्य चर्चचे, चित्र कॉन्स्टेबलकडून करून घेतले. १८२३ मध्ये पूर्ण झालेल्या त्या चित्रातला काळा ढग त्यांना रुचला नाही. काळे ढग पाऊस यायचा असेल तेव्हाच असतात, हवा चांगली असली की आकाश निळे असते, असे त्यांचे म्हणणे पुतण्याने पत्रातून कळवले. नंतरच्या आवृत्तीत कॉन्स्टेबलने आभाळ उजळ केले. ती आवृत्ती आज न्यूयॉर्कच्या फ्रिक संग्रहात आहे आणि पहिली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात. बिशपांची अपेक्षा समजून घेता येते, तरी ही दोन चित्रे ताडून पाहिल्यावर माझे मत पहिल्या चित्राच्याच बाजूने पडते. काळ्या ढगामुळे कथीड्रलचा दगड उन्हात आल्यासारखा चमकतो. तो ढग काढला की चमकण्याचे कारणच जाते, आणि फिशरला लिहिलेल्या पत्रातले प्रकाशाच्या अंमलाचे विधान या एका जोडीवरून जितके सिद्ध होते तितके दुसऱ्या कशावरूनही होत नसेल.

१८२४ पासून मारियाच्या प्रकृतीसाठी ब्रायटनच्या समुद्रकिनारीही जाणे होऊ लागले. तेथे केलेला एक छोटा अभ्यास लंडनच्या रॉयल अकादमीकडे आहे, समुद्रावरच्या पावसाचा. क्षितिज अगदी खाली आहे, समुद्र म्हणजे एक अरुंद गडद पट्टा, आणि वरच्या काळ्या ढगातून ब्रशचे उभे, तिरपे फटकारे थेट पाण्यापर्यंत ओढलेले आहेत. त्या फटकाऱ्यांत ब्रशच्या केसांच्या रेघा दिसतात. रंग कुठे दाट राहिला आहे, कुठे घासला जाऊन खालचा थर उघडा पडला आहे. जवळून पाहिले तर ते केवळ काळ्या रंगाचे ओरखडे आहेत, आणि थोडे मागे सरकून पाहिले की दूरवर कोसळणारी सर दिसते, वाऱ्याने तिरपी झालेली, जिचा पडदा एका बाजूला विरळ होऊन त्यातून उजेड येत आहे. हे रंगवण्यास त्याला फार मिनिटे मिळाली नसणार. नोव्हेंबर १८२८ मध्ये मारिया वारली, सात मुले मागे ठेवून. पुढच्या वर्षी त्याने हॅडली कॅसलचे मोठे चित्र प्रदर्शनात ठेवले. त्यात पडका बुरूज आहे, थेम्सचे मुख आहे आणि फाटलेल्या ढगांतून पाण्यावर उतरणारे उजेडाचे झोत आहेत. या चित्राला सरळसरळ शोकचित्र म्हणण्याचा मोह होतो, आणि ते चुकीचे नाही. मात्र त्यातल्या ढगाचा प्रत्येक भाग हवेत तसा असू शकतो आणि म्हणूनच तो शोक खरा वाटतो, एवढे मी त्यात घालीन.

हवामानशास्त्रज्ञ जॉन थॉर्न्स यांनी या अभ्यासांची त्या काळच्या लंडनच्या हवामाननोंदींशी सविस्तर पडताळणी केली आणि १८२१-२२ च्या आकाशांची अचूकता दाखवून दिली. ज्या कागदांवर तारीख पूर्ण नाही किंवा नाहीच, त्यांचा संभाव्य दिवस ठरवण्यासाठीही या नोंदींचा उपयोग झाला. याच थॉर्न्स यांनी १८३१ मध्ये प्रदर्शित झालेल्या, कुरणातून दिसणाऱ्या सॉल्सबरी कथीड्रलच्या चित्रातले इंद्रधनुष्य सूर्याच्या स्थितीशी जुळत नाही हेही दाखवले. त्या इंद्रधनुष्याचे टोक लेडनहॉल या घराजवळ उतरते, जेथे मित्र फिशर राहत असे. ज्या माणसाने वाऱ्याची दिशा चुकू नये म्हणून कागदाच्या पाठीवर लिहून ठेवली, त्याने येथे नियमाबाहेर पाऊल टाकले असेल तर ते अज्ञानाने टाकले असे मी मानू शकत नाही.

१८३६ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये निसर्गचित्रकलेवर व्याख्याने देताना कॉन्स्टेबलने चित्रकला हे शास्त्र असून ती निसर्गनियमांच्या शोधासाठी केली पाहिजे, आणि चित्रे हे त्या शोधातले प्रयोग आहेत, असे श्रोत्यांना सांगितले. ढगांवर मात्र तो बोलला नव्हता. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याने एका पत्रात लिहिले की ढगांविषयीची आपली निरीक्षणे कागदांच्या तुकड्यांवर विखुरलेली आहेत, ती अजून व्याख्यानाच्या रूपात एकत्र केलेली नाहीत, पण आपण ते करू आणि बहुधा येत्या उन्हाळ्यात हॅम्पस्टेडला ते व्याख्यान देऊ. फॉर्स्टरचे पुस्तक सर्वांत चांगले आहे, जरी तो पुष्कळ ठिकाणी चुकला आहे, असेही त्याने त्याच पत्रात म्हटले. ३१ मार्च १८३७ रोजी कॉन्स्टेबलचे निधन झाले आणि ते व्याख्यान झाले नाही. फॉर्स्टरचे काय चुकले होते, हे आता त्याच्या पुस्तकातल्या टिपांवरून, चक्कीच्या चित्राला जोडलेल्या टिपणावरून आणि त्याची मुलगी इझाबेल हिने १८८८ मध्ये संग्रहालयाला दिलेल्या चित्रांसारख्या ठेव्यावरूनच जुळवत बसावे लागते. ते काम आज कोणालाही करता येते, कारण संग्रहालयांनी या अभ्यासांची छायाचित्रे आणि मागच्या बाजूंवरच्या नोंदींचा मजकूर आपापल्या संकेतस्थळांवर खुला ठेवला आहे. फक्त चित्र पाहण्यापूर्वी ती नोंद वाचावी, वारा कुठून होता ते लक्षात घ्यावे, आणि मग ढगाची कोणती कड विंचरलेली आहे ते शोधावे.